सांबरवाडीचे सांबर



साताऱ्याहून यवतेश्वराचा डोंगर चढून कासच्या बाजूला निघाले म्हणजे सांबरवाडी नावाचे एक लहानसे गाव लागते. सातारकरांना हे नाव परके नाही. कासच्या तलावाचे पाणी या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शहरात उतरते. म्हणजे सांबरवाडीशी आपला संबंध रोज सकाळी घागर भरण्याच्या वेळीच येतो. परंतु या नावातील सांबराशी आपला संबंध कितीसा उरला आहे? उद्या कोणी पाहुणा आला आणि म्हणाला, ‘चला, सांबरवाडीचे सांबर दाखवा,’ तर खात्रीने दाखवू असे म्हणायची छाती आपल्यापैकी कोणाची होणार नाही. नाव राहिले आहे, नावाचा धनी मात्र रानात कोठे दूर सरकला आहे. आजचे माझे व्याख्यान या सरकण्याचा इतिहास सांगण्यासाठी आहे.

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनदा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते, आणि सातारा-सांगलीच्या भूमीत तर त्यांची वाण नाही. पण ज्या डोंगरांत किल्ले उभे राहिले, त्याच डोंगरांत दुसरीही एक वस्ती होती. तिची बखर कोणी लिहिली नाही, कारण तिला कारकून नव्हता. तिचा इतिहास शोधायचा तर आडवाटेने जावे लागते.

प्रथम या प्राण्याची नीट ओळख करून घेऊ. आपण बोलताना शिंगे असलेल्या प्रत्येक चपळ प्राण्याला हरिण म्हणून मोकळे होतो. शास्त्र मात्र यात दोन घराणी मानते. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे पोकळ असतात, ती जन्मभर डोक्यावर राहतात आणि त्यांना फांद्या फुटत नाहीत. सांबर, चितळ आणि भेकर यांची शिंगे भरीव असतात. ती गळतात आणि पुन्हा नवी येतात. आपल्या देशातील या दुसऱ्या घराण्याचा वडीलधारा म्हणजे सांबर. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी पाच फुटांच्या घरात जातो, वजनाला दोनशे-अडीचशे किलो सहज भरतो आणि त्याच्या प्रत्येक शिंगाला साधारणपणे तीन टोके असतात. आपली व्याख्यानमाला भरते त्या उन्हाळ्याच्या तोंडाशीच बहुधा त्याची शिंगे गळतात. पावसाळ्यात मखमली कातडीखाली नवी वाढतात आणि हिवाळ्याच्या आरंभी ती टणक होऊन तो पुन्हा राजासारखा मिरवू लागतो. दिवसा दाट सावलीत बसावे, रात्री पाला-गवत खावे, चिखलात लोळावे आणि वाघाचा वास आला की ‘ढांक’ असा घोष करून सारे रान जागे करावे, असा हा प्राणी. त्याला झाडी हवी, उतार हवा, आणि उन्हाळ्यात न आटणारे पाणी हवे. या तीन गोष्टी ध्यानात ठेवा, कारण त्याच्या भाग्याची सारी कथा या तिहींभोवती फिरते.

आता त्याच्या इतिहासाचे साक्षीदार. पहिला साक्षीदार गावांची नावे. सांबरवाडी झाली, इस्लामपूरजवळ महामार्गावर वाघवाडी आहे, कवठेमहांकाळ तालुक्यात लांडगेवाडी आहे. पण येथे जपून चालले पाहिजे. लांडगे हे आडनावही आहे. तेव्हा वाडी लांडग्यांची की लांडगे कुळाची, हे नुसत्या नावावरून ठरत नाही. सांबरवाडीच्या नावाची सनद माझ्यापाशी नाही आणि ती आहे असे मी भासवणारही नाही. नाव हा पुरावा नव्हे, तो इशारा आहे. एवढे मात्र खरे की, ज्या मुलखाला सांबर ठाऊकच नाही तेथे असे नाव सहसा रुजत नाही.

दुसरा साक्षीदार आपल्या घरातच सापडतो. जुन्या वाड्यांत आजीच्या बटव्यात किंवा देवघराच्या फडताळात सांबरशिंगाचा एक तुकडा असे. छातीत दुखले, डोके चढले की तो सहाणेवर उगाळून लेप लावीत. वैद्यांच्या औषधांत मृगशृंगाचे भस्म होतेच. हे शिंग प्रत्येक वेळी शिकारीचेच असे असे नाही. रानात गळून पडलेले शिंग गुराख्याला सापडे, ते बाजारात येई आणि बाजारातून माजघरात. म्हणजे सांबर न पाहिलेल्या माणसाच्याही घरात सांबराचा अंश होता. त्या औषधाचा गुण किती, हा प्रश्न वैद्यांवर सोडू. इतिहासाच्या दृष्टीने तो तुकडा रान आणि गाव यांच्यामधल्या वाटेची खूण आहे.

तिसरा साक्षीदार इंग्रज अंमलदारांची टिपणे. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करणारे कर्नल साइक्स यांनी १८३१ साली दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या कोळसुंद्याला, म्हणजे टोळीने शिकार करणाऱ्या रानकुत्र्याला, त्यांनी जे शास्त्रीय नाव दिले त्यात ‘दख्खन’ हा शब्दच गुंफला होता. हा कोळसुंदा सांबराचा पिढीजात वैरी. वैऱ्याचे नाव दख्खनवरून पडले, यावरून हे रान तेव्हा कसे भरलेले असेल याची कल्पना करता येते.

आता थोडा वेळ मी तुम्हांला समुद्रापार नेतो. घरचे दुखणे कधी कधी शेजाऱ्याच्या आजारावरून अधिक नीट कळते.

उत्तर अमेरिकेत वापिटी नावाचे एक प्रचंड हरिण आहे. तिकडे त्याला एल्क म्हणतात. १७७७ साली एर्क्सलेबेन या जर्मन पंडिताने या जातीला शास्त्रीय नाव दिले. या जातीची पूर्वेकडील शाखा मिसिसिपी नदीच्या पूर्वेला अरण्यांत नांदत होती. वसाहतवाल्यांनी अरण्ये तोडली, शेती वाढवली, मांसासाठी, कातड्यासाठी आणि दातांच्या दागिन्यांसाठी या हरिणाला मारले. पेनसिल्व्हेनिया प्रांतातील अखेरचे हरिण १८७७ साली मारले गेले असे सांगतात. १७७७ ला नामकरण आणि १८७७ ला अंत! ज्या शाखेवरून साऱ्या जातीला नाव मिळाले, नेमकी तीच शाखा शंभर वर्षांत संपली.

पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. १९१३ साली पेनसिल्व्हेनियाने पश्चिमेकडील यलोस्टोनच्या रानातून वापिटी आगगाडीने आणून आपल्या डोंगरांत सोडले. ते वाढले. शेतकऱ्यांच्या पिकांत शिरले, त्यावरून तक्रारी झाल्या, बंदुका पुन्हा बाहेर निघाल्या. पण अखेर ते टिकले आणि आज त्यांची संख्या हजाराहून अधिक आहे. मग पूर्वेचे हरिण परत आले असे म्हणायचे काय? शास्त्रज्ञांत याविषयी एकमत नाही. पूर्वेची शाखा खरोखर निराळी होती की ते एकाच जातीचे पूर्वेकडे राहणारे प्राणी होते, हे ठरवायला जे नमुने हवेत ते फारच थोडे उरले आहेत. यातील मर्म असे की, प्राणी गेला आणि ‘तो कोण होता?’ या प्रश्नाचे उत्तरही बरोबर घेऊन गेला. माणूस मेल्यावर निदान त्याचे दप्तर मागे राहते. इथे दप्तरही जळाले.

दुसरी कथा सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची. तेथील मध्यभागच्या पाणथळ गवताळ मैदानात फांद्याफांद्यांच्या डौलदार शिंगांचे एक हरिण होते. आपल्या बारशिंग्याचे ते जवळचे नातलग. १८६३ साली ब्लाइथ या शास्त्रज्ञाने बँकॉकमधील ब्रिटिश वकील सर रॉबर्ट शोंबुर्क यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. १८५५ च्या व्यापारी तहानंतर सयामचा तांदूळ परदेशी जाऊ लागला होता. तांदळाला भाव आला, मैदाने नांगराखाली आली, कालवे निघाले. पुराच्या दिवसांत ही हरणे उंचवट्यांवर गोळा होत, तेव्हा शिकारी होड्यांतून जाऊन त्यांना भाल्यांनी मारीत. रानातले अखेरचे हरिण १९३२ साली पडले, आणि एका देवळात पाळलेले अखेरचे १९३८ साली. तांदूळ पिकवणारा शेतकरी दुष्ट होता काय? मुळीच नाही. तो आपली लेकरे जगवीत होता. विनाशाला नेहमी दुष्टपणाच लागतो असे नाही, पुष्कळदा तो नुसत्या बेसावधपणावरही भागतो.

सयामच्या तांदळाच्या जागी ऊस ठेवा, आणि आता आपल्या कृष्णाकाठी परत या.

सातारा जिल्हा पूर्वी मोठा होता. १९४९ साली त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावरच्या या रेघा सांबराला ठाऊक नाहीत. त्याच्या दृष्टीने हा एकच मुलूख: पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, तिच्यापासून पूर्वेकडे बोटांसारख्या गेलेल्या डोंगररांगा, आणि बोटांच्या मधून वाहणाऱ्या कृष्णा, कोयना, वारणा. या रांगांवर जोवर सलग झाडी होती तोवर रानातल्या प्राण्याला त्या राजरस्त्यासारख्या होत्या. झाडी विरळ झाली आणि रस्ता तुटला.

झाडी विरळ होण्याला एकच एक कारण नाही. गलबतांसाठी लाकूड लागते, पण झाड एका दिवसात वाढत नाही, याची जाण आपल्या राज्यकर्त्यांना होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांविषयी केवढी काळजी वाहिली आहे ते आपण जाणता. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. पुढे १८७८ च्या कायद्याने जंगलांचे राखीव आणि संरक्षित असे विभाग पडले; काही रान वाचले, पण गावाचे रान सरकारचे झाले आणि गावाचा त्यातला जीव उडाला. १८८० नंतरच्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग आला. लोकसंख्या वाढली, सरपण आणि कोळसा यांची मागणी वाढली, डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी रान जाळून कुमरी होत असे, आणि माळावर शेळ्यामेंढ्यांच्या दाढेतून रोप वाचेना. शिवाय बंदूक स्वस्त झाली. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि १९७२ च्या केंद्रीय कायद्याने शिकारीला खरा आळा बसला. पण कायदा बंदूक थांबवतो. गेलेली झाडी उभी करीत नाही.

मग धरणे आली. कोयनेचे धरण १९६० नंतरच्या वर्षांत पुरे झाले, आणि पुढे वारणेवर चांदोलीचे. महाराष्ट्राला वीज मिळाली, सांगलीच्या शिवाराला पाणी मिळाले. त्या विजेच्या दिव्याखाली बसूनच मी हे बोलतो आहे, तेव्हा धरणांना नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. परंतु हिशेब पुरा मांडला पाहिजे. दऱ्यांचे तळ, जेथे उन्हाळ्यातही ओलावा टिकतो, ते पाण्याखाली गेले. गावे उठली. पिढ्यान्‌पिढ्या त्या खोऱ्यात राहिलेली माणसे दूरच्या जिल्ह्यांत जाऊन पडली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अर्धशतक उलटल्यावरही सुटले नाहीत. १९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली, २००४ साली चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास, कोयना व चांदोली यांची गणना झाली. आज सांबराला हक्काचे घर म्हणून जे उरले आहे ते हेच. ज्या अंगणात कधी माणसाची चूल पेटत होती, तेथे आज सांबर पाला खाते. ते रान आपल्याला फुकट मिळालेले नाही; त्याची किंमत उठलेल्या गावांनी मोजली आहे. रानावर प्रेम करणाऱ्याने हे ऋण विसरू नये.

येथे कोणी म्हणेल, ‘सांबर तर मेळघाटात आहे, ताडोबात आहे. साताऱ्यात नसले म्हणून काय झाले?’ हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण विचार करा. मराठी भाषा नागपुरात बोलली जाते, म्हणून साताऱ्यातून ती गेली तरी चालेल, असे आपण म्हणू काय? जात एकदम नाहीशी होत नसते. ती आधी एका डोंगरावरून जाते, मग एका खोऱ्यातून, मग एका जिल्ह्यातून. प्रत्येक वेळी ‘पलीकडे आहेच की’ असे म्हणायला जागा असते, आणि एक दिवस पलीकडेही कोणी नसते. सांबराची गणना २००८ पासून जगातील संकटप्रवण जातींत होते आहे. पेनसिल्व्हेनियाच्या शिकाऱ्यालाही पश्चिमेला वापिटी आहेत हे ठाऊक होतेच.

चित्त्याचे उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. कोल्हापूर दरबारात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत. विसाव्या शतकात असे शिकारी चित्ते आफ्रिकेतून आणवावे लागले, कारण देशी चित्ता मिळेनासा झाला होता. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, ते बहुधा अखेरचे. आणि १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ साली नामिबियाहून विमानाने आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात आणावे लागले. घरातील दिवा विझू द्यायचा आणि मग सातासमुद्रांपलीकडून काडी मागवायची, असा हा व्यवहार.

परंतु मी केवळ सुतकाची वार्ता घेऊन आलेलो नाही. कडेगाव तालुक्यात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाजवळ, देवराष्ट्र्याच्या डोंगरात सागरेश्वर आहे. प्राचीन देवळांचा तो परिसर आपण पाहिला असेल. तेथील डोंगर उघडेबोडके झाले होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडे लावली, माणसे जोडली, सरकारदरबारी खेटे घातले. रान उभे राहिले, त्यात सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले, आणि १९८५ साली ते अभयारण्य झाले. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे हे रान माणसाच्या हाताने उभे केलेले आहे. उजाड डोंगरावर सांबर पुन्हा चालू लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही सागरेश्वर आपल्याला दुसराही धडा देते. त्या रानाला कुंपण आहे आणि कुंपणाबाहेर लगेच शेते आहेत. कळप वाढले की उसात, मक्यात, द्राक्षबागेत शिरतात आणि रात्रभर राखण करणारा शेतकरी कपाळाला हात लावतो. पेनसिल्व्हेनियात जे झाले तेच येथे. प्राणी परत आणता येतो. पण त्याच्या वाटा, त्याचा शत्रू, त्याचे ऋतूप्रमाणे खाली-वर सरकणे, हे गाडीत घालून आणता येत नाही. म्हणून मला वाटते की सागरेश्वरासारखे प्रयत्न आदराने जपावेत, परंतु त्यांच्या भरवशावर सह्याद्रीचे सलग रान मोडू देऊ नये. नवे लावलेले रोप हे जुन्या वटवृक्षाची भरपाई नसते.

आणि वेळ अजून गेलेली नाही. मध्य प्रदेशातील कान्ह्याच्या कठीण भूमीवरचा बारशिंगा ही त्या जातीची एक स्वतंत्र प्रादेशिक शाखा. १९७० साली तिचे अवघे ६६ प्राणी उरले होते. शिकार थांबली, गवताळ कुरणे राखली, कुंपणात सुरक्षित वीण झाली, आणि संख्या पुन्हा शेकड्यांनी वाढली. इतकेच नव्हे, तर त्यातले काही प्राणी सातपुड्याच्या दुसऱ्या रानात नेऊन वसवता आले. सहासष्ट म्हणजे या सभागृहातील दोन-चार ओळी भरतील एवढीच संख्या! त्या ओळींच्या आधाराने एक शाखा वाचली. पूर्वेच्या वापिटीला आणि सयामच्या हरिणाला हे भाग्य लाभले नाही, कारण मोजणारा कोणी नव्हता. मोजायला सुरुवात झाली तेव्हा मोजण्यासारखे काही उरले नव्हते.

माणदेशच्या मातीतून आलेल्या व्यंकटेश माडगूळकरांना भरले रान पाहण्यासाठी विदर्भात नागझिऱ्याला जावे लागले, आणि त्यातून मराठीला एक चांगले पुस्तक मिळाले. आपल्या नातवंडांना सांबर पाहायला तितके लांब जावे लागू नये, एवढीच इच्छा धरायला काय हरकत आहे? कोयनेचे खोरे, चांदोलीचे सडे, त्यांच्या मधली वळणावळणाची झाडी आणि गावोगावच्या देवराया, हे सारे एका माळेचे मणी आहेत. मणी सारे शाबूत ठेवून दोरा तोडला, तर माळ उरत नाही.

आज घरी गेल्यावर तांब्याभर पाणी प्याल, तेव्हा एक क्षण थांबा. सातारकरांच्या तांब्यातले पाणी कासच्या पठाराखालून आणि सांबरवाडीवरून आले आहे. सांगलीकरांच्या तांब्यातले पाणी कृष्णा-वारणेचे आहे, आणि ते त्याच सह्याद्रीच्या झाडीने धरून ठेवलेले आहे. सांबराला काय हवे, म्हणून मी प्रारंभी तीन गोष्टी सांगितल्या: झाडी, उतार आणि न आटणारे पाणी. या तिहींतली कोणती गोष्ट आपल्याला नको आहे, ते सांगा. रानातले सांबर म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. आपल्या पाण्याचा उगम अजून जिता आहे, ही त्याच्या असण्याची साक्ष आहे. ही साक्ष पुढच्या पिढीलाही काढता यावी, एवढे मागून मी आपली रजा घेतो.